बेटावर दवाखाना शेजारी नसतो

चंडीगडच्या सेक्टर 32 मध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. थोरली मुलगी सहा वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा. मुलांनी मोठे पाणी पाहिले ते फक्त सुखना तलावाचे, समुद्र चित्रातला. हिवाळ्याच्या सुट्टीत अंदमानला जायचे ठरले. बाबांनी पाच दिवसांचा भरगच्च कार्यक्रम कागदावर उतरवला : सेल्युलर जेल, रॉस, हॅवलॉक, नील आणि बाराटांगच्या गुहा. आईने कागद वाचला आणि एवढेच विचारले, "यात मुलं झोपणार कधी?"

लहान मुलांना घेऊन बेटावर निघणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रश्न तिकिटे काढण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.

आधी डॉक्टरांकडे

सेक्टर 32 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. मध्यरात्री मूल तापले तरी दहा मिनिटांत डॉक्टर गाठता येतो. ही सोय इतकी अंगवळणी पडते की ती मागे ठेवून आपण निघालो आहोत, हेच लक्षात येत नाही. अंदमानचे मोठे सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला, म्हणजे 2024 पासूनच्या श्री विजयपुरमला आहे. हॅवलॉक बेट (2018 पासून स्वराज द्वीप) तेथून समुद्रमार्गे सुमारे 40 किलोमीटर दूर. बेटावर आरोग्य केंद्र आहे, पण मोठ्या उपचारासाठी बोट लागते आणि रात्री नेहमीची बोट मिळत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी पंधरा दिवस तरी बालरोगतज्ज्ञांना भेटावे. राहिलेल्या लसी पूर्ण कराव्यात. तापाच्या औषधाचे प्रमाण मुलाच्या वजनानुसार कागदावर लिहून घ्यावे. थर्मामीटर, जलसंजीवनीच्या पुड्या, मलमपट्टी आणि मुलाचे नेहमीचे औषध हातातल्या पिशवीत ठेवावे. मोठी बॅग विमानात मागे राहू शकते.

तिथला सूर्य लवकर उगवतो

घड्याळ सगळ्या देशाचे एकच, पण अंदमान खूप पूर्वेला आहे. डिसेंबरच्या अखेरीस चंडीगडला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, पोर्ट ब्लेअरला साडेपाचच्या सुमारास. संध्याकाळी पाचच्या पुढे तेथे अंधारू लागते. मुले पहाटेच जागी होतात आणि दुपारी पेंगतात. तेव्हा भटकंती सकाळी उरकावी, अकरा ते तीन सावलीत विश्रांती घ्यावी आणि रात्रीचे जेवण लवकर आटोपावे.

या हिशेबात बाबांच्या कागदावरून बाराटांग आधी गळाले. तिकडच्या गाड्या ठरलेल्या वेळीच एकत्र सोडतात, त्यामुळे पहाटे तीन-साडेतीनला निघावे लागते. अडीच वर्षांच्या मुलासाठी ही सहल नव्हे, शिक्षा आहे.

बोट आणि पाणी

बोट लागण्याचा त्रास दोन वर्षांच्या आतल्या बाळांना क्वचित होतो. दोन ते बारा वयाच्या मुलांना जास्त. बोटीत चढण्यापूर्वी पोट अगदी रिकामे नको आणि तळकटाने भरलेलेही नको. मऊ भात किंवा इडली चालेल. मध्यभागी बसवावे, चित्रांचे पुस्तक आणि मोबाइल बाजूला ठेवून दूरच्या क्षितिजाकडे बघायला सांगावे. मोठ्या मुलीला आलेपाकाची वडी चघळता येईल. उलटी थांबवणारी गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

किनाऱ्यावरचा नियम एकच : लहान मूल पाण्याजवळ असेल तर मोठे माणूस हात पोहोचेल इतक्या अंतरावर हवे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. गुपचूप पाण्याखाली जाते. हवेची रबरी चकती हे खेळणे आहे, रक्षण नव्हे. आई समजते बाबा बघताहेत, बाबा समजतात आई बघते आहे, आणि नेमका तोच क्षण घातक ठरतो. म्हणून "आता मुलं तुझ्याकडे" असे मोठ्याने सांगूनच जागा सोडावी.

अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. 2010 मध्ये हॅवलॉकजवळ पोहणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. धोक्याची पाटी असेल तेथे पाऊलही बुडवू नये. खाडीच्या तोंडाशी आणि अंधार पडल्यावर तर मुळीच नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाचे मलम लावण्यापेक्षा सावलीतच ठेवावे. मोठ्या मुलांना टोपी, अंगभर सुती कपडे आणि दर दोन तासांनी मलम. संध्याकाळी लांब बाह्या, रात्री मच्छरदाणी. परतल्यावर महिन्याभरात ताप आला तर "अंदमानला जाऊन आलो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, म्हणजे हिवतापाची तपासणी वेळेत होते.

त्या रात्री

हॅवलॉकच्या दुसऱ्या रात्री धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. शेवटची बोट गेलेली. बाबांचा धीर सुटला. आईने पिशवी उघडली. पुडीवर लिहिले होते तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात जलसंजीवनी कालवली आणि चमचा-चमचा पाजली. उलटी झाली की दहा मिनिटे थांबायचे, पुन्हा सावकाश सुरू करायचे. मूल सुस्त पडले, पाणी प्यायला नकार दिला, सहा-आठ तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त गेले किंवा झटका आला, तर घरगुती उपचार थांबवून ताबडतोब आरोग्य केंद्र गाठायचे, हे आईने आधीच विचारून ठेवले होते. केंद्राचा रस्ताही दिवसा बघून ठेवला होता. तशी वेळ आली नाही. पहाटे मूल झोपले आणि सकाळी मुगाची खिचडी मागू लागले.

नील बेट बाबांनी स्वतःच कागदावरून खोडले. सेल्युलर जेल मात्र झाले. सावरकर 1911 पासून 1921 पर्यंत जेथे होते, ती जागा पाहिल्याशिवाय मराठी माणसाचे अंदमान पुरे होत नाही. सात भुजांच्या त्या इमारतीच्या आज तीनच उरल्या आहेत. थोरली त्या चिंचोळ्या कोठडीत उभी राहिली आणि म्हणाली, "इथं तर पळताच येत नाही." सहा वर्षांच्या मुलीला तेवढे कळले, पुष्कळ झाले.

घरी परतल्यावर पुण्याच्या आजीने फोनवर विचारले, काय काय पाहिलंस? नातीने शंखात राहणाऱ्या खेकड्याची गोष्ट वीस मिनिटे सांगितली. तो खेकडा तिला दिसला, कारण त्या सकाळी कोणालाही कुठे जायची घाई नव्हती.