जन्मसाल नव्हे, अंगातलं बळ मोजा

"आता या वयात कशाला छाती फाडून घ्यायची?" कल्याणजवळच्या मोहन्यात सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हृदयाची झडप अरुंद झाल्याचं टू-डी इकोत निघालं की घरात पहिला प्रश्न हाच येतो. विचारणारे दुष्ट नसतात. बापाचे हाल होऊ नयेत एवढंच त्यांच्या मनात असतं. त्यावर शेजारचा कोणी उत्साही माणूस सांगतो, "वय हा नुसता आकडा असतो, बिनधास्त करा." आणि वर्तमानपत्र वाचणारा जावई म्हणतो, "छाती उघडायची गरजच नाही, मांडीतून नळी घालून झडप बसवतात. वयाचा प्रश्न मिटला." हे तिन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध उभे दिसतात, पण तिघांची चूक एकच आहे. तिघंही जन्मसालाकडे बघतात. समोर बसलेल्या माणसाकडे कोणी बघत नाही.

पहिला पक्ष आधी घेऊ. म्हातारपणी महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियमचे थर साचतात, तिच्या पाकळ्या नीट उघडत नाहीत आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला अरुंद वाटेतून रक्त रेटावं लागतं. बरीच वर्षं याचा पत्ता लागत नाही. मग छातीत दुखतं, घेरी येते किंवा धाप लागते. रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी 1968 मध्ये मांडलेला हिशेब आजही शिकवला जातो: छातीत दुखू लागल्यापासून सरासरी 5 वर्षं, घेरी येऊ लागल्यापासून 3, आणि हृदय थकून धाप लागू लागल्यापासून 2. झडप ही यांत्रिक अडचण आहे, गोळ्यांनी ती रुंद होत नाही. म्हणजे 'नको' हाही एक निर्णय आहे, आणि त्यालाही जोखीम आहे. ती फक्त संमतिपत्रावर छापलेली नसते, म्हणून कुणाला दिसत नाही.

या पक्षाचा सर्वांत मोठा पराभव 2010 साली झाला. छाती उघडून शस्त्रक्रिया झेपणार नाही असं शल्यविशारदांनी ठरवलेल्या 358 रुग्णांचे दोन गट केले गेले. त्यांचं सरासरी वय होतं 83. एका गटाला नळीवाटे झडप बसवली, म्हणजे टावी केली. दुसऱ्यावर नेहमीचे उपचार चालू ठेवले. वर्षाच्या आत दुसऱ्या गटातले 50.7 टक्के दगावले, पहिल्यातले 30.7 टक्के. त्र्याऐंशीव्या वर्षीही उपचाराने इतका फरक पडत असेल, तर 'पिकलं पान गळायचंच' ही म्हण वैद्यकीय सल्ला म्हणून वापरता येत नाही.

आता दुसरा पक्ष. 'वय हा नुसता आकडा' म्हणणाऱ्यांकडे उदाहरणं भरपूर असतात. अमेरिकेच्या माजी फर्स्ट लेडी बार्बरा बुश यांची महाधमनीची झडप 2009 मध्ये, 83व्या वर्षी बदलली. त्या 92 वर्षं जगल्या. तिथलेच माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांची 2014 मध्ये, 91व्या वर्षी बदलली. ते शंभरी गाठून गेले. आपल्याकडे मनमोहन सिंग यांची 2009 मध्ये 76व्या वर्षी दुसऱ्यांदा बायपास झाली, मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या हातून. तेही 92 वर्षं जगले. ती झडपेची शस्त्रक्रिया नव्हती, पण दाखला म्हणून सांगितली जातेच. ही सगळी उदाहरणं खरी आहेत. पण ती सिद्ध काय करतात? ज्यांनी आयुष्यभर पोटभर सकस खाल्लं, ज्यांच्या दाराशी डॉक्टर उभा होता, त्यांचं शरीर नव्वदीतही साथ देऊ शकतं, एवढंच.

मोहन्याचं वय वेगळ्या हिशेबाने वाढतं. इथली एनआरसी ही रेयॉनची कंपनी 2009 मध्ये बंद पडली, त्यानंतर थकलेल्या देण्यांची वाट बघत कित्येक कामगार म्हातारे झाले. पन्नाशीत नोकरी गेलेला माणूस पुढची वर्षं कसा जेवला, कसा झोपला, किती चालला, हे जन्मदाखल्यावर लिहिलेलं नसतं. आणखी एक गोष्ट. व्हिस्कोस रेयॉन बनवताना कार्बन डायसल्फाइड वापरतात, आणि त्याच्या वाफेत काम करणाऱ्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार जास्त होतो, हे ब्रिटनमधल्या रेयॉन कामगारांच्या अभ्यासातून 1968 मध्येच पुढे आलं होतं. झडपेसोबत रक्तवाहिन्याही खराब असतील तर शस्त्रक्रियेची जोखीम वाढते. तेव्हा मनमोहन सिंग यांचे दिल्लीतले 76 आणि अंबिवली स्टेशनचा जिना चढताना मध्येच थांबणारे 76 हे एकच वय नव्हे.

तिसरा पक्ष सर्वांत फसवा, कारण तो विज्ञानाची भाषा बोलतो. टावीने छाती उघडणं टळतं, माणूस लवकर उठून बसतो, हे खरं आहे. वापीत बनलेल्या देशी झडपेलाही 2018 मध्ये मान्यता मिळाली. पण वरचाच अभ्यास उलट बाजूने वाचा. नवी झडप बसूनही शंभरातले तीस जण वर्षाच्या आत गेले. टावीतही पक्षाघात होऊ शकतो, पेसमेकर बसवावा लागू शकतो. मुळात टावीची जन्मकथाच बोलकी आहे. फ्रान्समधल्या रुआँ इथे अ‍ॅलन क्रिबिए यांनी 16 एप्रिल 2002 रोजी ज्याला पहिली झडप अशी बसवली, तो रुग्ण म्हातारा नव्हता. तो 57 वर्षांचा होता, पण शरीर इतकं खालावलं होतं की कोणी शस्त्रक्रियेला तयार नव्हतं. झडपेने काम केलं. माणूस मात्र चार महिन्यांनी हृदयाशी संबंध नसलेल्या गुंतागुंतीने गेला. 57व्या वर्षी हरलेलं शरीर आणि 91व्या वर्षी टिकलेलं शरीर शेजारी ठेवा: जोखीम जन्मसालात असते की अंगातल्या बळात, ते कळेल.

मग मोजायचं काय? डॉक्टर ज्याला फ्रेल्टी म्हणतात ते घरच्यांना आधीपासून दिसत असतं: माणूस खंगलाय, बसलेला उठत नाही, भाकरी अर्धीच खातो. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये याची पाच लक्षणं ठरवली: आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल. तीन जुळली की माणूस खंगलेला धरायचा. कॅनडाचे डॉ. जोनाथन अफिलालो यांनी 2010 मध्ये हृदयशस्त्रक्रियेसाठी आलेल्या, सत्तर आणि त्यापुढच्या 131 रुग्णांना फक्त 5 मीटर चालायला लावलं. ज्यांना 6 सेकंद किंवा जास्त लागले, त्यांच्यात मृत्यू किंवा मोठ्या गुंतागुंतीचा धोका तिपटीने आढळला. 2017 मध्ये त्यांच्याच गटाने झडप बदलून घेणाऱ्या 1020 वृद्धांवर सात मापनपद्धती ताडून पाहिल्या. सरस ठरलेल्या पद्धतीत चारच गोष्टी होत्या: खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठणं, स्मरण-आकलनाची छोटी चाचणी, हिमोग्लोबिन आणि रक्तातलं अल्ब्युमिन.

यातल्या कुठल्या गोष्टीसाठी मुंबईत परळच्या मोठ्या रुग्णालयात जावं लागतं? खुर्ची, घड्याळ, पाच मीटर मोकळी जागा आणि रक्ताची साधी तपासणी, एवढं मोहन्यात होऊ शकतं. तरीही फाइलवर 'वय 78' ठळक दिसतं आणि चालायला लागलेले सेकंद कुठेच सापडत नाहीत.

इथे जाणकार माणूस शंका काढेल: ही मोजणी म्हणजे नकाराचं नवं निमित्त होणार नाही का? काल वयावरून परत पाठवत होते, उद्या चालण्यावरून पाठवतील. शंका रास्त आहे. उत्तर असं की वय कमी करता येत नाही, खंगलेपणा काही अंशी करता येतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर कारण शोधता येतं. अल्ब्युमिन कमी असेल तर ताटात डाळ, अंडी, दूध वाढवता येतं. देखरेखीखालच्या व्यायामाने चालण्याची ताकद वाढते; मात्र झडप अतिशय अरुंद असताना हा प्रयोग स्वतःच्या मनाने करायचा नसतो, आणि त्यापायी शस्त्रक्रिया महिनोनमहिने लांबवायचीही नसते.

शिवाय पुष्कळदा खंगलेपणाचं मूळ झडपेतच असतं. धाप लागते म्हणून माणूस चालत नाही, चालत नाही म्हणून स्नायू झिजतात. रक्तक्षयाचंही तसंच. अरुंद महाधमनी झडपेच्या काही रुग्णांना आतड्यातून रक्तस्राव होतो, हे हाइड या डॉक्टरांनी 1958 मध्येच नोंदवलं, आणि झडप बदलल्यावर तो बहुधा थांबतो. अशा माणसाला 'अशक्त आहे' म्हणून शस्त्रक्रिया नाकारणं म्हणजे आजारालाच नकाराचं कारण बनवणं. याउलट, झडप बिघडण्याच्या कितीतरी आधीपासून अंथरुणाला खिळलेला, घरच्यांनाही न ओळखणारा माणूस असेल तर नवी झडप त्याला काही देणार नाही. तिथे धाप आणि वेदना कमी करणारे उपचार हाच योग्य मार्ग. दोघांची जन्मतारीख एक असू शकते. म्हणूनच मोजायचं.

वयाला काहीच अर्थ नाही असंही मी म्हणत नाही. जोखमीच्या प्रत्येक गणितात वय असतंच. धातूची झडप की प्राण्याच्या ऊतीची, छाती उघडायची की नळी, हे ठरवताना पुढे किती वर्षं अपेक्षित आहेत हे बघावंच लागतं. अमेरिकेच्या 2020च्या मार्गदर्शक तत्त्वांत 80च्या पुढे टावीकडे कल आहे आणि 65च्या आत शस्त्रक्रियेकडे. पण वयावरून इथे उपचाराची पद्धत ठरते, उपचार मिळावा की नाही हे ठरत नाही.

ऑक्टोबर 2024 पासून 70 आणि त्यापुढच्या वयाच्या ज्येष्ठांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. सत्तरी हा सरकारने हक्काचा उंबरठा केला आणि आपण घरात तोच नकाराचा उंबरठा करून बसलो आहोत. महापालिकेच्या दवाखान्यांनी झडपेच्या प्रत्येक वृद्ध रुग्णाची खुर्चीतून उठणं, स्मरण-आकलन, हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन ही चार मापं घेऊन मगच त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवावं. मुलांनी डॉक्टरांना "या वयात झेपेल का?" असं न विचारता "यांचं बळ किती उरलंय, आणि त्यातलं किती परत येईल?" असं विचारावं. आणि ज्याची झडप आहे त्याला काय हवंय, हे त्याच्यासमोर, त्यालाच विचारावं. डॉक्टरांना नकार द्यायचा अधिकार आहे, होकार द्यायचाही. पण दोन्ही कागदांवर कारण म्हणून जन्मसाल चालणार नाही. तिथे मोजलेले सेकंद लिहिलेले असले पाहिजेत.