दहा दिवसांची सेवा

गेल्या हिवाळ्यात मी चर्चच्या पोरांसोबत दहा दिवस सेवेला गेलो. होय, मीच. हिंगणघाटच्या बौद्ध वस्तीतला, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेला. बातमी फुटली तसा एक दोस्त म्हणाला, "काहून बे, येशूचा झाला का?" झालो नाही. जीपमध्ये एक जागा होती आणि मला ती माणसं पाहायची होती.

ती माणसं म्हणजे मुलचेरा-चामोर्शीकडचे बंगाली. पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन आलेले. सरकारनं १९६० नंतर त्यांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या जंगलात आणून टाकलं. (त्या जंगलात गोंड-माडिया आधीपासून होते. तो हिशेब वेगळा, आणि तोही कोणी चुकवला नाही.) नातवंडं मराठी शाळेत शिकली तरी लोक त्यांना निर्वासितच म्हणतात.

चर्चच्या पोरांनी काम केलं, हे कबूल. जखमा धुतल्या, ब्लडप्रेशर मोजलं, चष्मे वाटले. पण चष्म्याआधी प्रार्थना. म्हातारा डोळे चोळत रांगेत उभा आणि हे डोळे मिटायला सांगतात! माझं टाळकं सरकलं. फोटो तर विचारूच नका.

तिथंच एका म्हाताऱ्याला मी जयभीम घातला. तो हसला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुमचे बाबासाहेब आमच्या मतांवर गेले दिल्लीला." खरंच आहे. १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेची वाट बंद होती. जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या माणसांनी त्यांना बंगालमधून निवडून दिलं. फाळणी झाली, त्यांचा मुलूख पाकिस्तानात गेला. बाबासाहेब इकडचे पहिले कायदामंत्री, मंडल तिकडचे. १९५० साली मंडल राजीनामा देऊन भारतात आले. मागोमाग वर्षानुवर्षं त्यांचे नामशूद्र येत राहिले, उपाशी, उघडे.

आम्ही पुस्तकात वाचतो, टाळ्या पिटतो. मत देणारे कुठं गेले, हे विचारत नाही.

मित्रांनो, १९७८ साली मराठवाड्यात नामांतरावरून आपली घरं जळत होती. त्याच वर्षी दंडकारण्याच्या छावण्यांतून हजारो नामशूद्र निघाले आणि सुंदरबनातल्या मरीचझांपी बेटावर जाऊन राहिले. जानेवारी १९७९ मध्ये डाव्यांच्या सरकारनं बेटाची नाकेबंदी केली, गोळ्या घातल्या. मे महिन्यात झोपड्या जाळून लोकांना हाकललं. मेले किती, याचा वाद अजून चालू आहे. आमच्या एकाही सभेत मी मरीचझांपीचं नाव ऐकलेलं नाही.

रात्री शेकोटीला आम्ही तिघं. मी, तो म्हातारा आणि चर्चचा पुढारी, जो आमच्याच जिल्ह्यातला निघाला. आजोबा महार. गोष्ट दाखल्यावर आली. १९५० च्या आदेशात अनुसूचित जात फक्त हिंदूंची. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आम्ही बौद्ध. तो ख्रिस्ती, म्हणून अजून बाहेर. म्हातारा हिंदू, पण नामशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या नाही. वेशीबाहेरचे तिघं, आणि कागद एकट्या माझ्याकडे! मला त्या शेकोटीजवळ बसवेना.

दहा दिवसांच्या सेवेला मी नावं ठेवणार होतो. पेन उचललं तेव्हा आठवलं, आमच्या चळवळीचे तिथले दिवस शून्य आहेत. चर्चवाले निदान दर हिवाळ्यात येतात. त्यांच्याकडे मलम आहे. दाखल्याचा मोर्चा काढणं त्यांचं काम नाही, ते आपलं होतं.

निघताना म्हाताऱ्यानं त्यांना काही मागितलं नाही. मला बाजूला घेतलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून बापाचा छावणीतला पिवळा कागद काढला आणि विचारलं, "अर्ज कुठं द्यायचा?" मी त्याची झेरॉक्स आणली आहे. तालुक्याच्या तीन बैठकांत विषय मांडला. तिन्ही वेळा तो 'इतर विषयां'त गेला, आणि तोवर चहा आला.