कोळसा टाकला की माती शुद्ध?

आपल्या हॉस्टेलवर सध्या ‘बायोचार’ हा शब्द फार चालतोय. मेसमधलं उरलंसुरलं भाजून कोळसा करायचा, तो वर्कशॉपमागच्या खराब मातीत मिसळायचा आणि तिथे मेससाठी पालक-मेथी लावायची, असा बेत आहे. कल्पना चांगली आहे. पण तिथला पालक मी तरी खाणार नाही.

बायोचार म्हणजे जवळजवळ हवा न लागू देता, साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला भाजलेला सेंद्रिय कचरा. हा कोळसा सच्छिद्र असतो. शिसं, कॅडमियम असे धातू तो धरून ठेवतो. शिवाय मातीचा सामू वाढल्यामुळे ते पाण्यात कमी विरघळतात. चीनमध्ये ताई सरोवराच्या परिसरातल्या कॅडमियमने दूषित भातखाचरांत २००९-१० मध्ये गव्हाच्या काडाचा बायोचार टाकून प्रयोग झाले. हेक्टरी ४० टन टाकल्यावर पहिल्याच वर्षी तांदळातलं कॅडमियम सुमारे ४५ टक्क्यांनी घटलं. झकास! पण घटलं ते दाण्यातलं. धातू काही हवेत उडून जात नाही, तो मातीतच अडकून बसतो.

आता जरा आकडेमोड करू. हेक्टरी ४० टन म्हणजे चौरस मीटरला ४ किलो. आपला तुकडा २०० चौरस मीटरचा धरला तर ८०० किलो. सुक्या मालाच्या पाव ते तिसरा हिस्सा कोळसा मिळतो, म्हणजे अडीच-तीन टन सुका कचरा हवा. मेसच्या वरणभाताचं इथे काम नाही. त्यात बहुतेक पाणीच, ते उडवण्यातच इंधन संपेल. तो बायोगॅसला द्यावा. बायोचारसाठी घ्या पालापाचोळा आणि करवंट्या. नाहीतरी पाचोळ्याचे ढीग पेटवले जातात आणि धूर आपल्या खोल्यांत येतो (सबमिशनच्या आठवड्यात तर हमखास!). रंगवलेलं लाकूड आणि प्लायवुड मात्र नको.

आणि वर्कशॉपमागे जुन्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं पडून होत्या, हे स्टाफमधल्या जुन्या मंडळींना विचारा. शिसं असेल तर बायोचारचा उपयोग आहे. पण आर्सेनिक निघालं, तर सामू वाढल्यावर ते उलट मोकळं होऊ शकतं. म्हणून सिव्हिल आणि केमिकलवाल्यांनी आधी मातीचे नमुने घ्यावेत, मग भट्टी पेटवावी. तोवर तिथे झेंडू लावा. पालेभाज्या कॅडमियम पटकन ओढून घेतात. मेथीचा वाफा हवाच असेल, तर लेडीज हॉस्टेलमागची माती चांगली आहे, आणि पाण्याची लाइनही तिथवर गेलेली आहे.