लाल गायीचं वजन

2021 च्या सप्टेंबरात आयर्लंडमध्ये एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर गेलो होतो. गृहस्थ सत्तरीकडे झुकलेला, गायी चौदा. दुधाचा धंदा नव्हे. वासरू आईला पिऊन वाढवायचं आणि पुढे मांसासाठी विकायचं. सरकारच्या ‘बीप-एस’ योजनेत त्याने नाव घातलं होतं. अट अशी, की दूध तोडण्याआधी गाय आणि वासरू दोघांचंही वजन करायचं, तेही नोंदणी झालेल्या काट्यावर, आणि आकडे सात दिवसांत कळवायचे. पहिल्या 10 जोड्यांना प्रत्येकी 50 युरो. जंतांसाठी शेणाची तपासणी, वासरांना खुराक किंवा लस हे ऐच्छिक. त्याचे पैसे वेगळे.

काटा भाड्याचा. त्याच्या खडखडाटाने गुरं बिथरली. म्हातारा शिव्या घालत होता; गायींना की सरकारला, ते मी विचारलं नाही.

त्याची लाडकी लाल गाय 760 किलो भरली, तिचं वासरू 240. काळी अवघी 590, वासरू मात्र 270. जास्त चरणारी कमी देत होती! इतकी वर्षं नुसत्या नजरेवर चाललेला हिशेब काट्याने तासाभरात मोडला. हे दिसावं म्हणून सरकारने पैसे मोजले, तर माझ्या मते ते वाया गेले नाहीत. पण सात दिवसांची मुदत एकट्या म्हाताऱ्याला जाचतच होती. त्याचे आकडे शहरातली मुलगी फोनवर ऐकून भरायची. काट्याबरोबर एक माणूसही धाडायला काय हरकत होती?

“मग लालीला काढणार?” मी विचारलं.

“गाभण आहे. विऊ दे आधी,” म्हणत त्याने काट्याचं दार उघडलं.