वर्तुळ लंबगोल दिसतंय? आधी सेटिंग बघा


जळगाव-धुळ्याकडच्या शाळांत कॉम्प्युटरवरचं चित्र ताणलेलं दिसलं, की "चालतंय ना, मग बास" म्हणून आपण सोडून देतो. माझ्या मते हे चालवून घेऊ नये.

1024×768 चं चित्र 1920×1080 च्या रुंद मॉनिटरवर पूर्ण पसरलं, की वर्तुळाची रुंदी उंचीपेक्षा एक तृतीयांशाने वाढते. चौरस आयत होतो. अक्षरंही पुसट होतात. घरी अहिराणी बोलणाऱ्या पोराने अनुस्वार दिसला नाही तर 'भांडं' वाचायचं की 'भाडं'?

उपाय सोपा आहे. डेस्कटॉपवर राइट क्लिक करा, डिस्प्ले सेटिंग्ज उघडा आणि रिझोल्यूशनमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेला आकडा निवडा. चुकून पडदा काळा झाला तर घाबरू नका, काही न दाबता थांबा; 15 सेकंदांत जुनं सेटिंग परत येतं. योग्य आकडा यादीतच नसेल तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकायचा राहिलेला असतो.

मग शिफ्ट दाबून पेंटमध्ये वर्तुळ काढा आणि मुलांना पट्टीने आडवं-उभं मोजू द्या. दोन्ही मापं सारखी आली, की सेटिंग बरोबर. भूमितीचा तासही झाला! मेकॅनिकला फोन त्यानंतर.