जिवतीला समुद्र नाही

गेल्या जुलैमध्ये मी माणिकगडाचा एक फोटो टाकला होता. सकाळचे सात, दरवाजाच्या वरचा बुरूज अर्धा ढगात, खाली ओलं काळं दगड, बाकी सगळं पांढरं. माझ्या हिशेबानं तो फोटो बरा चालला. आठ दिवसांनी तोच फोटो दुसऱ्याच एका पेजवर दिसला, पण ओळखू येईना. पडका बुरूज उभा राहिला होता. त्यावर टोकदार कळस आले होते, कळसावर झेंडा. भिंत गुळगुळीत. आणि मागे, जिथे माझ्या फोटोत ढगाखाली सागवानाचं जंगल होतं, तिथे समुद्र. लाटांसकट. खाली लिहिलं होतं, ‘असा होता आपला माणिकगड, जिल्हा रायगड.’

जिवती चंद्रपूर जिल्ह्यात आहे. इथून जवळचा समुद्र बंगालचा उपसागर, तोही सरळ रेषेत चारशे किलोमीटरच्या वर. रायगड जिल्ह्यातही एक माणिकगड आहे, पनवेल-रसायनीच्या बाजूला. तो वेगळा. त्यालाही समुद्र चिकटलेला नाही. म्हणजे ज्या कुणी एआयला हे काम सांगितलं त्याने दोन गडांची खिचडी केली, आणि मशीनने त्यावर समुद्र ओतला, कारण मशीनने पाहिलेल्या चित्रांत धुक्यातल्या किल्ल्यामागे बहुधा समुद्रच असतो.

मी कमेंटमध्ये लिहिलं, भाऊ, हा चंद्रपूरचा आहे आणि असा नव्हता. उत्तर आलं, ‘भावना समजून घ्या.’

तर या भावनेशीच माझं भांडण आहे.

आधी माझा गुन्हा सांगून टाकतो. मी लग्नाचं शूटिंग करतो. गडचांदूर, राजुरा, कोरपना, जिवती, बोलावतील तिथे. प्री-वेडिंगसाठी जोडप्यांना घेऊन मी गडावर गेलोय, एकदा-दोनदा नाही. एप्रिलमध्ये ढग नसतात, म्हणून स्मोक बॉम्ब फोडून धुकं तयार केलंय. त्या धुरात पडकी भिंत राजवाड्यासारखी दिसते, प्लॅस्टिकच्या बाटल्या दिसत नाहीत, भिंतीत घुसलेली मुळं दिसत नाहीत. गिऱ्हाईक खूश. धुकं काय करतं हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही, मी ते पैसे घेऊन पिकवलंय.

आणि ज्याला आपण धुकं म्हणतो ते पावसाळ्यात धुकं नसतंच. माणिकगडचा डोंगर साधारण पाचशे मीटर उंच. जुलै-ऑगस्टमध्ये ढगच खाली उतरून टेकतो. खरं धुकं डिसेंबरात पडतं, रात्रभर जमीन गार होऊन, आणि ते खाली अमलनाल्याच्या बाजूला साचतं, गड उलट वर कोरडा उन्हात असतो. समुद्राचं धुकं ही तिसरीच गोष्ट. दमट उबदार हवा थंड पाण्यावरून सरकली की होतं ते, आणि ते आपल्याकडचं नाहीच. तरी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ‘किल्ला’ म्हटलं की तेच येतं. कुठून आलं ते?

एक पत्ता मला माहीत आहे. ‘कुछ कुछ होता है’, 1998. त्या शीर्षकगीतात शाहरुख आणि काजोलच्या मागे जो पाण्यातला दगडी किल्ला दिसतो, त्याचं नाव आयलिन डोनन. स्कॉटलंडमध्ये आहे, समुद्राच्या फाट्यात एका बेटावर. आमच्या पिढीने किल्ला पहिल्यांदा टीव्हीवर पाहिला तो हा. दगडी कमानींचा पूल, मागे डोंगर, पाण्यावर धुकं. एकदम मध्ययुगीन.

फक्त तो मध्ययुगीन नाही. मूळचा किल्ला तेराव्या शतकातला, पण 1719 मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांनी तो तोफांनी फोडला आणि उरलेला दारू लावून उडवला. पुढे दोनशे वर्षं तिथे दगडांचा ढिगारा होता. 1911 मध्ये मॅक्रे घराण्यातल्या एका लष्करी अधिकाऱ्याने बेट विकत घेतलं आणि 1932 पर्यंत नवा किल्ला उभा केला. तो कमानींचा पूलही तेव्हाचाच, आधी तिथे पूल नव्हता. तिथे एक गोष्ट आवडीने सांगतात, की बांधकाम पाहणाऱ्या माणसाला मूळ किल्ला जसाच्या तसा स्वप्नात दिसला होता. छान गोष्ट आहे. त्यांचं घराणं, त्यांनी विकत घेतलेलं बेट, त्यांचा पैसा आणि त्यांचं स्वप्न. मला त्यात फारसं काही म्हणायचं नाही.

आता हेच माणिकगडावर आणून बघा. स्वप्न कुणाला पडणार?

हा प्रश्न मी उगाच विचारत नाही. गडाचा इतिहास जिथे सांगितला जातो तिथे साधारण असं येतं: नवव्या शतकाच्या आसपास माना नागवंशी राजांनी बांधला, माणिक्या देवीवरून नाव पडलं, नंतर गोंड राजांकडे आला. दरवाजावर नाग कोरलेला आहे. पुढे हा सगळा मुलूख निजामाकडे. राजुरा तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. मग नांदेडमध्ये, आणि 1959 मध्ये चंद्रपूरला जोडला. जिवती या राजुऱ्यातूनच निघाली. आजही जिवती तालुक्यातल्या 14 गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात. तिथल्या लोकांची नावं दोन्हीकडच्या मतदार याद्यांत आहेत. डोंगरावर कोलाम आहेत, गोंड आहेत, बंजारा आहेत, आणि मराठवाड्यातून आलेले आमच्यासारखे आहेत. माझा आजा 72 च्या दुष्काळात नांदेडकडून डोक्यावर भांडी घेऊन इथे आला. त्याने कसलेल्या जमिनीचा पट्टा अजून आमच्या हातात नाही. म्हणजे गड ‘आपला’ असं मी लिहितो तेव्हा माझीच जीभ जरा अडखळते.

ज्या ठिकाणी गाव कोणत्या राज्यातलं, शेत कुणाचं, हेच अजून ठरलेलं नाही, तिथे कुणीतरी मोबाईलवर दहा सेकंदांत गडाचा मालक ठरवून टाकतो. कारण पडका गड उभा करायचा म्हटलं की निवड करावीच लागते. कळस कसला, कमान कुठली, झेंडा कोणता, दारात उभा शिपाई कुठल्या वेशातला. पडक्या भिंतीला हे काही सांगावं लागत नाही. बांधलेली भिंत मात्र प्रत्येक दगडाला कुणाची तरी बाजू घेते. त्या व्हायरल चित्रात दरवाजावरचा नाग नव्हता. मशीनला तो डाग वाटला असेल, पुसून टाकला. तिथे त्यापेक्षा जुनं काही नसेल. ज्यांच्यासाठी तो नाग म्हणजे आपल्या पूर्वजांची सही आहे, त्यांना ‘भावना समजून घ्या’ हे कोण सांगणार?

‘नुसतं चित्र आहे रे, खरं कोण बांधतंय?’ असं माझा एक मित्र म्हणाला. चित्र आधी येतं, सिमेंट मागून येतं. लोकांना एकदा तसं चित्र दिसलं की मागणी सुरू होते: असा करून दाखवा. आणि काम निघालं की ते सिमेंटनेच निघतं, कारण तेच सोपं. आमच्याकडे तर त्यात खास गंमत आहे. गडचांदूरच्या आसपास चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने, सिमेंट घराघरात. पण जुन्या भिंतीत चुना असतो. चुना मऊ, पाणी पितो आणि सोडतो, भिंत हलली तर थोडा हलतो. सिमेंट कडक. ते ओल आत कोंडतं, मग क्षार दगडातूनच बाहेर यायला बघतात आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यासारखा सुटतो. आठशे-हजार वर्षं टिकलेली भिंत दुरुस्तीनंतरच्या वीस वर्षांत खराब होऊ शकते, ती अशी.

उद्ध्वस्त ते उद्ध्वस्तच ठेवा, असं माझं म्हणणं नाही. पॅरिसचं नोत्र दाम 2019 मध्ये जळलं आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं. जळालेला उंच मनोरा होता तसाच उभा केला. तो मनोराही मध्ययुगातला नव्हता बरं का, एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक नावाच्या वास्तुकाराने बांधलेला. या गृहस्थाचं मत असं, की दुरुस्ती म्हणजे इमारतीला अशा पूर्णत्वाला नेणं जे कदाचित कधीच अस्तित्वात नव्हतं. निदान तो ते उघड बोलायचा. पण नोत्र दाम परत बांधता आलं ते आठवणीवर किंवा भावनेवर नाही. नकाशे होते, फोटो होते, आणि आग लागण्याच्या काही वर्षं आधी अँड्र्यू टॅलन नावाच्या प्राध्यापकाने आख्ख्या इमारतीचं लेझरने मोजमाप करून ठेवलं होतं. त्यांना माहीत होतं म्हणून त्यांनी बांधलं.

आपल्याला माणिकगडाबद्दल काय माहीत आहे? मी शोधलं. धुक्यातले फोटो शेकड्याने. दरवाजाचा एकही धड, समोरून, उजेडात, नागाची प्रत्येक रेघ दिसेल असा फोटो मला मिळाला नाही. माझ्याकडेही नव्हता. इतक्या वेळा गेलो आणि नव्हता!

पर्यटन येईल, पोरांना रोजगार मिळेल, हा मुद्दा मला मान्य आहे. चहाची टपरी चालली तर ती माझ्याच ओळखीच्या पोराची असेल. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले गेले, त्यात समुद्रातला सिंधुदुर्गही आहे, आनंदच आहे. त्या यादीत विदर्भातला एकही नाही, कारण यादी मराठा किल्ल्यांची होती. तक्रार त्याची नाही. तक्रार ही, की लोक बघायला यावेत म्हणून आमच्या गडाने सह्याद्रीतला किल्ला असल्याचं सोंग आणायचं, आणि वर समुद्रही आणायचा. जो बघायला येईल तो समुद्र शोधेल. मग काळा दगड आणि झुडपं बघून म्हणेल, इथे काहीच नाही.

चंद्रपूर शहराचंच उदाहरण घ्या. गोंड राजांनी बांधलेला सुमारे 11 किलोमीटरचा परकोट, जटपुरा, पठाणपुरा असे दरवाजे. तो वर्षानुवर्षं झाडोऱ्यात बुडालेला होता. 2017 पासून इको-प्रोच्या कार्यकर्त्यांनी रोज सकाळी कोयते-कुदळी घेऊन तो मोकळा करायला घेतला. बुरुजावर बुरूज साफ झाले, लोक भिंतीवरून चालायला लागले. कुणी कळस लावले नाहीत. परकोट आहे तसाच दिसला, आणि तेवढं पुरलं.

मागच्या मे महिन्यात मी गडावर दुपारी एक वाजता गेलो. मुद्दाम. ऊन इतकं की फोन तापून बंद पडत होता. खाली गुरं घेऊन एक म्हातारे कोलाम बाबा सावलीत बसले होते. मला कॅमेरा लावताना बघून म्हणाले, “फोटो काढता, तर ते झाडबी काढा ना. भिंत पाडून राह्यलं ते.” मी वर बघितलं. दरवाजाच्या बाजूच्या भिंतीत पिंपळ. माझ्या जुलैच्या फोटोत तो होता, ढगात मऊ, सुंदर. लोकांनी त्याच्यावरच सगळ्यात जास्त लिहिलं होतं: निसर्गाने कुशीत घेतलेला किल्ला वगैरे. कुशीतबिशीत काही नाही. मुळं दोन दगडांच्या मधे हात घालून त्यांना वेगळं करत होती.

त्या दिवशी मी दरवाजाचे जवळजवळ दोनशे फोटो काढले. एका जागेवरून एक पाऊल सरकायचं, पुन्हा काढायचा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग आला पाहिजे. मोजमापासाठी बाजूला एक मीटरची पट्टी. घरी संगणकावर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की त्यातून दरवाजाचं त्रिमितीय रूप तयार होतं, फिरवून बघता येतं, मापं घेता येतात. थोडं ढगाळ असतं तर जास्त बरं झालं असतं, सावल्या कमी पडतात. धुकं असेल तर मात्र यातलं काहीही जमत नाही. मशीनला दगडाची कड सापडत नाही.

त्यातला एक फोटो मी टाकला. सरळ समोरून, कडक उजेडात, पिंपळ आणि पट्टीसकट. एकोणीस लाइक आले, त्यात तीन घरचे.

राणीमहालाकडच्या भिंतींचं काम राहिलंय, ते दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर करीन. तोवर एक मागणं. गडचांदूर, राजुरा, जिवतीच्या शाळांच्या सहली पूर्वीपासून गडावर जातात. कुणाच्या आईबाबांच्या अल्बममध्ये असा एखादा ग्रुप फोटो असेल: पुढे रांगेत मुलं, टोप्या, डबे, मागे चुकून आलेली भिंत. त्या भिंतीत तेव्हा पिंपळ होता का, वरचे दगड जागेवर होते का, हे आज फक्त तिथेच दिसू शकतं. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. कधी कधी तिथे पेनने साल लिहिलेलं असतं.