कानकुनच्या किनाऱ्यांची निवड

मराठी वृत्तपत्रांच्या वाचकांना कानकुन हे नाव परिचित झाले, ते पर्यटनापेक्षा परिषदांमुळे. २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेची परिषद येथेच फिसकटली आणि २०१० मध्ये हवामानबदलाविषयीची जागतिक परिषदही येथेच भरली. एरवी मेक्सिकोतील या शहराची जगभरातील ख्याती आहे ती पांढऱ्या वाळूसाठी आणि निळ्याशार पाण्यासाठी. मात्र तेथील कोणता किनारा निवडावा, हा प्रश्न आता केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही.

शहराचा हॉटेल विभाग निचुप्ते सरोवर आणि समुद्र यांमधील वाळूच्या अरुंद, काटकोनात वळलेल्या पट्ट्यावर वसला आहे. उत्तरेकडील लांगोस्ता, तोर्तुगास या किनाऱ्यांना समोरच्या इस्ला मुखेरेस बेटाचा आडोसा लाभत असल्याने तेथील पाणी संथ असते. मुलाबाळांसह येणाऱ्यांना ते सोयीचे. पूर्वेकडील किनारे थेट कॅरिबियन समुद्राला सामोरे जातात. त्यांपैकी डेल्फिनेस विस्तीर्ण आणि देखणा खरा. पण लाल निशाण फडकत असताना तेथे पाण्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळच.

हा वाळूचा पट्टा मुळात स्थिर नव्हताच. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने पर्यटनासाठी ही जागा हेरली आणि १९७० मध्ये बांधकामास प्रारंभ झाला. वाळूच्या टेकड्यांवर हॉटेले उभी राहिली, तेव्हा वादळात गेलेली वाळू परत आणण्याची निसर्गाची व्यवस्थाच मोडली. २००५ च्या विल्मा चक्रीवादळाने कित्येक ठिकाणी खडक उघडा पाडला. समुद्रतळातून उपसलेली वाळू पुढच्याच वर्षी अंथरण्यात आली. ती टिकली नाही, म्हणून २००९-१० मध्ये हा खर्चिक खटाटोप पुन्हा करावा लागला.

त्यात सरगॅसम या तरंगत्या समुद्री शेवाळाची भर पडली आहे. २०१५ पासून या किनाऱ्याला त्याचा तडाखा वारंवार बसत असून, उन्हाळ्याच्या महिन्यांत पूर्वेकडील वाळूवर तपकिरी थर साचतात आणि कुजून दुर्गंधी सुटते. अशा वेळी इस्ला मुखेरेसचा उत्तर किनारा बहुधा स्वच्छ राहतो. साहजिकच सारी गर्दी तिकडे लोटते आणि त्या चिमुकल्या बेटावरील ताण वाढतो.

अर्थात, निवडीचे हे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नाही. मेक्सिकोत समुद्रकिनारा ही राष्ट्राची मालमत्ता आहे. परंतु तेथे पोहोचण्याची वाट अनेकदा हॉटेलांच्या आवारांनी अडवलेली असते. प्रवेशास आडकाठी करणाऱ्यांना दंड करण्याची तरतूद २०२० मध्ये कायद्यात झाली, हे स्वागतार्हच. तथापि मोठी हॉटेले रोज सकाळी माणसे लावून आपल्यापुढचे शेवाळ उचलू शकतात. स्थानिक कुटुंबांच्या वाट्याला येणाऱ्या सार्वजनिक किनाऱ्यांची भिस्त सरकारी यंत्रणेवर असते. पर्यटक उद्या दुसरा किनारा निवडील. त्याच्यावर पोट असलेल्या शहराला मात्र ती सोय नाही.